हौस गाडीची, हप्ता बँकेचा!

घरात नवी गाडी आली की पहिला दिवस हार, नारळ आणि पेढ्यांचा. दुसऱ्या दिवसापासून सुरू होते ती गाडीची सजावट. सीटकव्हर हवीत, मोठ्या आवाजाचा हॉर्न हवा, पुढे चकचकीत स्टीलचा गार्ड हवा, दिवे जरा आणखी झगझगीत हवेत. मुलगा कॉलेजात असेल तर त्याला रुंद टायर हवेत. आणि घरातले पुरुष म्हणतात, "पेट्रोल परवडत नाही, बाहेरून सी.एन.जी. किट बसवून घेऊ, निम्म्या पैशात होतं."

मैत्रिणींनो, हौसेला मोल नसतं हे खरं. पण ह्या हौसेला तीन जणांची नजर असते, हे आपल्या लक्षात येत नाही. एक गाडी बनवणारी कंपनी, दुसरी बँक आणि तिसरी विमा कंपनी. शिवाय वरून सरकार आहेच. घरात नवा मिक्सर आणला तर आपण हमीपत्र डब्यात जपून ठेवतो, त्यावर दुकानदाराचा शिक्का आहे की नाही ते पाहतो. आणि सात-आठ लाखांच्या गाडीच्या कागदांकडे मात्र "ते ह्यांचं काम" म्हणून बघतही नाही. निदान आज तरी बघू या.

"गाडी आपलीच आहे ना?"

"अहो, बँकेला विचारलंत का?" असं बायकोनं म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं. "बँकेला काय विचारायचं? गाडी आपली आहे!"

गाडी आपली आहे, पण पुरती आपली नाही. कर्ज काढून घेतलेल्या गाडीच्या नोंदणीपुस्तकात, म्हणजे आर.सी.मध्ये, बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव लिहिलेलं असतं. ह्याला नजरगहाण म्हणतात. दागिना गहाण ठेवला की तो सावकाराच्या तिजोरीत जातो. गाडी नजरगहाण असली की ती आपल्या दारात उभी राहते, आपण वापरतो, पण कर्ज फिटेपर्यंत तिच्यावर बँकेचा हक्क राहतो. दागिना गहाण असताना सोनाराकडे नेऊन त्याची घडण बदलता येते का? तसंच हे.

म्हणूनच कर्जाच्या करारात सहसा अशा अर्थाची कलमं असतात: गाडी चांगल्या स्थितीत ठेवीन, बँकेच्या लेखी परवानगीशिवाय तीत मोठा बदल करणार नाही, विमा चालू ठेवीन आणि विम्याच्या कागदावर बँकेचं नाव घालीन. गाडीला नंतर बसवलेल्या वस्तूही तारणाचाच भाग समजल्या जातील, असंही पुष्कळ करारांत लिहिलेलं असतं. म्हणजे उद्या हप्ते थकले आणि गाडी ओढून नेण्याची वेळ आली, तर तुमचे पंधरा हजारांचे स्पीकरही तिच्याबरोबर जाऊ शकतात.

काही ठिकाणी गाडी हायर पर्चेस पद्धतीनं घेतलेली असते. तिथे तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्येच म्हटलं आहे की, ज्या बदलाला मंजुरी लागते तो बदल गाडी ताब्यात असणाऱ्यानं नोंदणीकृत मालकाच्या लेखी संमतीवाचून करू नये.

आता ह्यात बाईचा संबंध काय, असं वाटेल. तर ऐका. कर्ज देताना बँक पुष्कळदा पत्नीला सहकर्जदार किंवा जामीनदार करते. आपण "इथे सही करा" म्हटलं की करतो. पण जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये स्पष्ट आहे. गाडी तुमच्या नावावर असेल तर बेकायदा बदलाचा दंडही तुमच्याच नावावर. दिवे मुलानं बदलले की दिरानं, हे त्यावेळी कुणी विचारत नाही.

वॉरंटी कशाची असते?

वॉरंटी म्हणजे "काहीही बिघडलं तरी फुकट करून देऊ" असं वचन नव्हे. कारखान्यातून निघतानाच ज्या भागात दोष होता, तो ठराविक वर्षांत किंवा ठराविक किलोमीटरांत उघड झाला तर कंपनी तो दुरुस्त करून देईल, एवढंच ते वचन. ब्रेकचे पॅड, क्लच, वायपरची पट्टी ह्यांची झीज त्यात धरत नाहीत. टायर आणि बॅटरी ह्यांची हमी सहसा त्यांच्या बनवणाऱ्यांची वेगळी असते.

वॉरंटीच्या पुस्तिकेत शेवटी-शेवटी बारीक अक्षरांत "वॉरंटी कशाला लागू नाही" अशी यादी असते. ती मुद्दाम वाचा. गाडीत केलेले बदल, कंपनीचे नसलेले सुटे भाग, बाहेर बसवलेल्या वस्तूंमुळे झालेलं नुकसान ह्या गोष्टी त्या यादीत हमखास सापडतात.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती वायरिंगवरून. हल्लीच्या गाडीत वायरींचं एक गुंफलेलं जाळं असतं आणि ते गाडीतल्या छोट्या संगणकांना जोडलेलं असतं. बाहेरचा वायरमन हॉर्न किंवा म्युझिक सिस्टिम बसवताना मधेच एखादी वायर सोलतो, तिला जोड देतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो. पावसाळ्यात त्या जोडात पाणी शिरतं. मग कधी काच वर होत नाही, कधी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राहतो. सर्व्हिस सेंटरमध्ये नेलं की मेकॅनिकला तो जोड दिसतो, आणि "वायरिंगला बाहेर हात लागलाय, वॉरंटीत बसत नाही" हे वाक्य ऐकावं लागतं. संपूर्ण वायरिंग बदलायचं झालं तर हजारोंचा खर्च.

दिव्यांचंही तसंच. पुष्कळ गाड्यांच्या पुढच्या दिव्यात ६०/५५ वॉटचा बल्ब असतो. त्याजागी १००/९० वॉटचा बसवला की उजेड पडतो, पण वायर आणि होल्डर तापतात. होल्डर वितळलेले मेकॅनिक लोक रोज पाहतात. समोरच्याच्या डोळ्यांवर तिरीप येते ती वेगळीच.

इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी त्याच्या संगणकाची मांडणी बदलून देणारी गॅरेजेस शहरांतून आहेत. मुलं म्हणतात, सर्व्हिसिंगच्या आधी पुन्हा पहिल्यासारखं करून घेऊ. पण त्या संगणकात बदलाच्या खुणा राहू शकतात. मग इंजिन आणि गिअरबॉक्स, म्हणजे गाडीचे सर्वांत महाग भाग, ह्यांच्यावरचीच हमी जाण्याची वेळ येते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

सगळी वॉरंटी जाते का?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ह्याच ठिकाणी आपल्याला घाबरवलं जातं. हॉर्न बाहेरून बसवला म्हणून स्टिअरिंगमधला कारखान्याचा दोष दुरुस्त करायला नकार देणं योग्य नाही. बदल कोणता आणि बिघाड कोणता, ह्यांचा संबंध असला पाहिजे.

२०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा मोटार कंपन्यांविरुद्धच्या सुट्या भागांच्या प्रकरणात ह्याच दिशेनं आदेश दिला होता. बाहेरच्या गॅरेजात काम करून घेतलं एवढ्याच कारणानं सरसकट वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या दुरुस्तीमुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं त्यात म्हटलं होतं. कंपन्या त्याविरुद्ध अपिलात गेल्या. पण आपल्याला त्यातला विचार उपयोगी पडण्यासारखा आहे.

कायद्यातही एक चांगली तरतूद आहे, ती फारशी कुणाला ठाऊक नसते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम ५२ म्हणतं की, केंद्र सरकारनं ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे आणि अटींप्रमाणे गाडीत बदल केला, तर त्या बदलापायी कंपनीची वॉरंटी रद्द समजली जाणार नाही. त्याच कलमानं अपंग व्यक्तीला गाडी चालवता यावी म्हणून तीत बदल करायलाही वाट ठेवली आहे. गाडी करून घ्या आणि नंतर नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, असं ते सांगतं. घरात कुणाला पायानं क्लच-ब्रेक दाबता येत नसेल तर ह्याची जरूर चौकशी करा.

म्हणून सर्व्हिस सेंटरनं "वॉरंटी गेली" असं म्हटलं की भांडू नका आणि गप्पही बसू नका. शांतपणे एवढंच म्हणा, "कोणत्या भागाची गेली, कोणत्या कारणानं गेली, ते लिहून द्या." तोंडी नकार देणं सोपं असतं. कागदावर लिहायची वेळ आली की माणूस जरा विचार करतो.

सरकारला काय चालत नाही?

२०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाचा निकाल दिला. गाडी बनवणाऱ्यानं तिची जी मूळ रचना ठरवलेली आहे तिला धक्का लागेल असा बदल करता येणार नाही, असं त्यात सांगितलं. रंगासारख्या ज्या गोष्टी नोंदणीपुस्तकात बदलून घेता येतात, त्या आर.टी.ओ.कडे रीतसर नोंदवून करता येतात. त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपासून लागू झालेल्या कलम १८२-ए प्रमाणे परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द लक्षात ठेवा.

पुढच्या स्टीलच्या गार्डची तर पुष्कळांना भारी हौस. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं की हे गार्ड म्हणजे कलम ५२ चा भंग आहे, त्यांच्यावर कारवाई करा. कारण साधं आहे. गाडीचा पुढचा भाग धक्का शोषून घेऊन चेपेल असाच बनवलेला असतो, आणि त्या धक्क्यावरून एअरबॅगला उघडण्याची सूचना मिळते. मध्ये लोखंड आलं की हे गणित बिघडतं. आणि धडक बसली ती पायी चालणाऱ्याला, तर त्याचे हाल विचारू नका.

काचांचंही तसंच. पुढची आणि मागची काच ७० टक्के आणि बाजूच्या काचा ५० टक्के प्रकाश आत येऊ देतील अशाच हव्यात.

सी.एन.जी. किटला मनाई नाही. पण किट मान्यताप्राप्त हवं, ते बसवणारा अधिकृत हवा, आणि आर.सी.मध्ये इंधनाचा बदल नोंदवायला हवा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबाची चाचणी करून घ्यावी लागते. कारखान्यातूनच सी.एन.जी. लावून आलेली गाडी आणि बाहेर किट बसवलेली गाडी ह्यांच्या वॉरंटीत फरक पडतो, तेव्हा किट बसवण्याआधी पुस्तिका पाहा, कंपनीला विचारा आणि बँकेलाही पत्र द्या.

विम्याची गोम

गाडीच्या विम्यात एक आकडा असतो, आय.डी.व्ही. नावाचा. गाडी पूर्ण गेली किंवा चोरीला गेली तर जास्तीत जास्त एवढे पैसे मिळतात. हा आकडा कंपनीच्या किमतीवरून काढतात आणि दरवर्षी तो घटतो. एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के घट धरतात, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तुम्ही नंतर बसवलेल्या वस्तू ह्यात आपोआप येत नाहीत. त्या वेगळ्या सांगून, त्यांची किंमत पॉलिसीवर लिहवून घेऊन, थोडा जादा हप्ता भरला तरच त्यांचा विमा होतो. नाही तर महागडी म्युझिक सिस्टिम चोरीला गेली की गेलीच.

त्याहून मोठा प्रश्न न कळवलेल्या किटचा. आग लागली, सर्व्हेअर आला, त्याला डिकीत सिलिंडर दिसला आणि पॉलिसीवर मात्र नुसतं "पेट्रोल" लिहिलेलं आहे. मग दावा अडकलाच समजा. आणि आता बँक आठवा. गाडी जळाली तरी हप्ता जळत नाही. कर्ज असलेल्या गाडीचा विमा मंजूर झाला तर पैसे आधी बँकेच्या बाकीला जातात. दावाच नामंजूर झाला, तर दारात गाडी नाही आणि दर महिन्याला खात्यातून हप्ता मात्र जातोच आहे, अशी अवस्था होते. कित्येक घरांत अशा वेळी पहिली मोडते ती बाईची एफ.डी. किंवा तिच्या बांगड्या.

तरीही नकार आला म्हणजे सगळं संपलं असं नाही. २०१० साली सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं होतं. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्यानं दिलेली असताना अपघात झाला होता. अटीचा भंग झाला म्हणून सगळाच दावा फेटाळू नये असं म्हणून न्यायालयानं काही रक्कम द्यायला लावली. तेव्हा नकाराचं पत्र हातात आलं तर ते फाडून टाकू नका, पुढच्या दारावर जा.

सजावट कर्जात घालायची का?

शोरूममध्ये गोड बोलून सांगतात, "वहिनी, साठ हजारांचं पॅकेज कर्जातच टाकू, महिन्याला थोडंसंच वाढेल." हिशेब करा. दर ९ टक्के आणि मुदत पाच वर्षं धरली तर ६०,००० रुपयांना महिन्याचा हप्ता सुमारे १,२४५ रुपये पडतो. पाच वर्षांत भरले जातात सुमारे ७४,७०० रुपये. म्हणजे सीटकव्हर आणि पायपुसण्यांवर जवळजवळ पंधरा हजार नुसतं व्याज! सीटकव्हर तर तिसऱ्या वर्षीच फाटतात. नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नका.

शोरूमनं बसवलेली प्रत्येक वस्तू कंपनीची असतेच असंही नाही. "ही वस्तू कंपनीची की तुमची? हिची हमी कुणाची आणि किती?" हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर बिलावर लिहवून घ्या.

मग हौस करायचीच नाही का?

करायची की! पण निवडून. पायपुसणी, सामानाची जाळी, उन्हाची जाळीदार पडदी गाडी उभी असताना, साधी झाकण, ह्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. फक्त काही गोष्टी पाहा.

सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर साधं, घट्ट शिवलेलं सीटकव्हर तिला उघडू देणार नाही. त्या जागी मोकळी शिवण असलेलंच कव्हर घ्या.

चालकाच्या पायाशी एकावर एक दोन पायपुसणी घालू नका. वरचं सरकून पेडलखाली अडकतं.

डॅशबोर्डवर गणपती हवाच. पण एअरबॅगच्या झाकणावर मूर्ती चिकटवू नका. एअरबॅग उघडली तर ती मूर्ती दगडासारखी अंगावर येईल. झाकण सोडून बाजूची जागा शोधा, किंवा छोटं चित्र लावा.

वायर न कापता, कंपनीच्याच जोडणीत बसणारी वस्तू मिळत असेल तर चार पैसे जास्त देऊन तीच घ्या, आणि अधिकृत ठिकाणीच बसवा.

बँकेला पत्र कसं लिहावं?

फार मोठं पत्र नको. एवढं पुरतं:

"मा. शाखाधिकारी यांस,
स.न.वि.वि. आपल्या बँकेच्या वाहन कर्ज खाते क्रमांक ... मधून घेतलेल्या गाडी क्रमांक ... ला मान्यताप्राप्त सी.एन.जी. किट बसवण्याचा आमचा विचार आहे. किटची माहिती व दरपत्रक सोबत जोडले आहे. कर्जकरारानुसार आपली लेखी संमती मिळावी, ही विनंती. काम झाल्यावर आर.सी. व विमा पॉलिसीतील नोंदींच्या प्रती आपणाकडे सादर करू."

खाली कर्जदार आणि सहकर्जदार अशा दोघांच्या सह्या करा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा पोचशिक्का घ्या आणि ती प्रत जपून ठेवा. आर.टी.ओ.तही कर्ज असलेल्या गाडीच्या नोंदीत बदल करताना बँकेचं ना-हरकत पत्र हाताशी असलेलं बरं.

नकार आला तर

विमा कंपनीनं दावा नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्याकडे मुंबईला आणि पुण्याला त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. बँकेबद्दल तक्रार असेल तर आधी बँकेकडे लेखी द्या. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. वॉरंटीबद्दलची तक्रार आपल्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नुसता सल्ला हवा असेल तर १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

आणि कर्ज फिटलं म्हणजे काम झालं असंही समजू नका. शेवटचा हप्ता गेला की बँकेकडून कर्जफेडीचा दाखला आणि फॉर्म ३५ घ्या, आणि आर.टी.ओ.त देऊन आर.सी.वरचं बँकेचं नाव काढून टाका. ते राहिलं तर गाडी विकताना खोळंबा होतो.

येत्या रविवारी जेवणं आटोपली की कपाटातली गाडीची फाईल बाहेर काढा. आर.सी., विमा पॉलिसी, वॉरंटीची पुस्तिका, कर्जाचा करार आणि आजवर बसवलेल्या वस्तूंची बिलं ओळीनं मांडा. पॉलिसीवर लिहिलेलं आणि गाडीत प्रत्यक्ष असलेलं जुळतंय का, तेवढं ताडून पाहा. कर्जाच्या करारावर आपली सही आहे का आणि ती कुठल्या नात्यानं आहे, हेही बघून ठेवा. तासाभराचं काम आहे, सोमवारवर ढकलू नका.